क्रोशाचा नंदी बुटका का होतो? ग्राफवरून चित्राचं ब्लँकेट आणि बाळाचा जोडीचा संच

नागपूरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: वहिनीचं बाळंतपण नोव्हेंबरात आहे. तान्ह्या पोळ्याच्या (विदर्भातला लहान मुलांचा पोळा) लाकडी नंदीचं चित्र असलेलं क्रोशाचं ब्लँकेट, शिवाय त्याच चित्राचं टोपडं, मोजे आणि लाळेरं करायचं आहे. १०० बाय १२० चौकोनांचा ग्राफ हाताशी आहे. पण विणायला घेतल्यावर नंदी बुटका दिसतो, कडा तिरक्या जातात आणि मागच्या बाजूला धाग्यांचा गुंता होतो. लोकर किती आणायची आणि बाळाचं नाव कसं घालायचं, हेही त्यांना हवं आहे.

ताई, नंदी बुटका होतो यात तुमच्या हाताचा दोष नाही. ग्राफवरचं घर चौकोनी असतं, मुका खांब चौकोनी नसतो. तो रुंदीला जास्त, उंचीला कमी भरतो. (मुका खांब म्हणजे सुई टाक्यात घालून धागा ओढायचा, आणि सुईवरच्या दोन फासांतून एकदम काढायचा. अमेरिकन नमुन्यांत याला सिंगल क्रोशे म्हणतात, ब्रिटिश नमुन्यांत डबल क्रोशे. नमुना कुठला हे आधी बघून घ्या, नाहीतर सगळी उंचीच बदलेल.)

मध्यम जाडीच्या ॲक्रिलिक लोकरीवर ४ मिमीच्या सुईने तुमच्या हाताचे १० सेंटीमीटरमध्ये १६ टाके आणि १८ ओळी बसतात असं धरू. मग १०० चौकोनांची रुंदी ६२.५ सेंमी होते. ग्राफच्या प्रमाणात उंची ७५ सेंमी यायला हवी, पण १२० ओळींची उंची भरते ६६.७ सेंमी. चित्र ८ सेंमीपेक्षा जास्त दबलं. संत्र्याचं चित्र असतं तर हे खपून गेलं असतं, कारण संत्रं मुळातच थोडं चपटं असतं. नंदीचं वशिंड आणि चाकं मात्र लगेच उघडी पडतात.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे ग्राफच तुमच्या टाक्याच्या आकारात काढणं. संगणकावरच्या तक्त्यात चौकटींची रुंदी आणि उंची १८:१६ या प्रमाणात ठेवा आणि त्यावर चित्र रंगवा. पडद्यावर जे दिसेल तेच विणून येईल. दुसरा उपाय तयार ग्राफसाठी आहे. दर ८ ओळींमागे १ ओळ दोनदा विणायची, म्हणजे ८ च्या ९ होतात आणि प्रमाण नेमकं जुळतं. दोनदा विणायची ओळ मात्र बघून निवडा. पाठीचा, पोटाचा किंवा पायांचा सरळ भाग चालतो. डोळ्याची ओळ, शिंगाचा बाक, मानेचा उतार यांना हात लावू नका, तिथे पायरी पडते.

हे सगळं आधी मापासाठी विणून बघायच्या छोट्या तुकड्यावर अवलंबून आहे. तुकडा किमान १५ सेंमीचा करा आणि मोजमाप मधल्या १० सेंमीवर घ्या, कडेचे टाके ओढलेले असतात. तुकडा धुऊन वाळवून मग मोजा. आणि तो एका रंगात करू नका. रंग बदलताना बहुतेकींचा हात आवळतो, त्यामुळे एकरंगी तुकड्यावरून केलेला हिशोब चित्राच्या भागात चुकतो. तुकड्यात दोन रंगांचे ५-५ टाक्यांचे पट्टे घाला.

आता पद्धत. ग्राफ एकच असला तरी तो विणायच्या तीन रीती इथे विचारात घेण्यासारख्या आहेत, आणि सुई हातात घेण्याआधी ही निवड व्हायला हवी.

मुक्या खांबात प्रत्येक चौकोनाला एक टाका. बारकावा सर्वांत चांगला येतो, भोकं राहत नाहीत, पण काम मोठं आहे. ८० बाय ९६ सेंमीच्या ब्लँकेटला वरच्या मापाने १२८ टाके आणि १७३ ओळी लागतील, म्हणजे २२,१४४ टाके. मिनिटाला १५ टाके धरले तरी निव्वळ विणायला सुमारे २५ तास, रंगबदल आणि टोकं लपवणं वेगळं.

कोपऱ्यातून कोपऱ्याकडे जाणाऱ्या पद्धतीत प्रत्येक चौकोनाला ३ साखळ्या आणि ३ खांबांचा एक ठोकळा येतो (खांब म्हणजे सुईवर आधी एक वेढा घेऊन विणलेला, मुक्या खांबाहून उंच टाका). ठोकळा २ सेंमीचा धरला तर तेच ब्लँकेट ४० बाय ४८ ठोकळ्यांत होतं: १,९२० ठोकळे, ८७ तिरक्या ओळी. ठोकळे एका ओळीत उभे, पुढच्या ओळीत आडवे बसत असल्याने चित्र दबत नाही. म्हणून या पद्धतीला ग्राफ जसाच्या तसा चालतो. पण ४० चौकोनांत नंदीचा डोळा, झूल आणि गळ्यातल्या घंटा सगळं मावणार नाही. मोठं, ठसठशीत चित्र हवं असेल आणि हातात महिनाच असेल तर हीच रीत घ्या.

तिसरी रीत लांब सुईची, ट्युनिशियन. जाताना सगळे फास सुईवर घ्यायचे, येताना एकेक मिटवत यायचं. काम उलटवायचं नसतं, त्यामुळे ग्राफ प्रत्येक वेळी उजवीकडून डावीकडेच वाचायचा. साधा ट्युनिशियन टाका जवळपास चौकोनी असतो आणि त्यावर फुलीच्या टाक्याने भरतकाम फार सुबक बसतं. मात्र कापड जाड होतं आणि कडा गुंडाळते. सुई नेहमीपेक्षा १ ते २ मिमी जाड घेतली तर हा त्रास बराच कमी होतो.

तुमच्या नंदीसाठी मी मुका खांबच सुचवेन. पुढचा सगळा तपशील त्याचाच आहे.

आधी ग्राफ हलका करा. लाकडी नंदी फळीवर उभा असतो आणि फळीला चाकं असतात. ग्राफमध्ये चारही पाय सुटे काढले असतील तर त्या ओळींत पार्श्वभूमी आणि पाय मिळून ९ तुकडे पडतात, म्हणजे एका ओळीत ९ धागे लोंबणार. पुढचे दोन पाय एकत्र आणि मागचे दोन एकत्र काढले तर तेच ५ तुकडे होतात, आणि बाजूने बघताना नंदी तसाच दिसतो. ग्राफची प्रत्येक ओळ बोटाने चालून रंग किती वेळा बदलतो ते कडेला पेन्सिलने लिहून ठेवा. ८ च्या वर आकडा गेला तर ती ओळ सोपी करा. १ किंवा २ चौकोनांचे ठिपके, म्हणजे डोळा, घंटा, झुलीवरची नक्षी, विणण्यात घेऊच नका. ब्लँकेट झाल्यावर त्यावर भरा.

चाकंही विणण्यात नकोत. १० चौकोनांचं वर्तुळ ग्राफवर नेहमी ओबडधोबडच येतं. चाक वेगळं करा: फासाच्या रिंगणात (धाग्याचं टोक ओढून आवळता येणारा फास) ६ मुके खांब, मग फेरीगणिक १२, १८, २४, ३०. पाच फेऱ्यांत सुमारे साडेपाच सेंमीचं गोल चाक तयार होतं. ते फळीखाली चहूबाजूंनी बारीक टाक्यांनी शिवून टाका. केवळ मध्यभागी टाचलेलं चाक बाळ ओढून काढतं.

सुरुवातीला १२९ साखळ्या घाला, दुसऱ्या साखळीपासून मुका खांब सुरू करा, १२८ भरतील. ग्राफच्या बाहेरचे टाके आणि ओळी भोवतीच्या कोऱ्या पार्श्वभूमीच्या. साखळी नेहमीच्या सुईपेक्षा अर्धा मिमी जास्त जाड सुईने घाला, नाहीतर खालची कड आवळून वरचं कापड पंख्यासारखं पसरतं. ग्राफची पहिली ओळ म्हणजे सर्वांत खालची. विषम ओळी सुलट बाजूच्या, उजवीकडून डावीकडे वाचायच्या. सम ओळी उलट बाजूच्या, डावीकडून उजवीकडे. डावखुऱ्या विणणारीने बरोबर याच्या विरुद्ध वाचायचं. तसं केलं नाही तर चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं. नंदीच्या बाबतीत तो फक्त तोंड फिरवेल, अक्षरं मात्र वाया जातील.

रंग बदलायची जागा हीच सर्वांत जास्त चुकते. नवा रंग नव्या टाक्यापासून घ्यायचा नाही, जुन्या रंगाच्या शेवटच्या टाक्यातच घ्यायचा. तो टाका अर्धा जुन्या रंगाने करा, सुईवर दोन फास आले की जुना धागा सोडा आणि नव्या रंगाने ते दोन्ही मिटवा. असं न केल्यास प्रत्येक रंगाच्या कडेला अर्ध्या टाक्याची दातेरी रेघ दिसते. सोडलेला धागा नेहमी उलट बाजूलाच राहायला हवा. सुलट ओळीत तो आपोआप मागे पडतो. उलट ओळीत मात्र तो मुद्दाम आपल्याकडे, पुढे आणून सोडायचा. तो पलीकडे राहिला तर चित्रावर आडवी रेघ उमटते, आणि ती दोन-तीन ओळी गेल्यावरच लक्षात येते.

पांढऱ्या अंगाच्या नंदीमागून गडद पार्श्वभूमीचा धागा ओढत नेऊ नका. मुक्या खांबाच्या आत लपवलेला लाल किंवा निळा धागा पांढऱ्यातून डोकावतोच, शिवाय तेवढा भाग जाड आणि कडक होतो. नंदीच्या डावीकडे एक गोळा, उजवीकडे दुसरा गोळा, दोन पायांच्या मधे तिसरा छोटा. धागा लपवून न्यायचाच असेल तर ३ ते ४ टाक्यांपर्यंत, आणि तोही जवळच्या छटेचा. उलट बाजूला मोकळा लोंबता धागा तर बाळाच्या वस्तूत अजिबात नको. त्यात बाळाचं बोट अडकून आवळलं जाऊ शकतं.

आकार रुंदावत जातो तिथे एक अडचण हमखास येते. पोटाची रेष या ओळीत ३ चौकोन अलीकडे सुरू होते, पण पांढरा धागा मागच्या ओळीत ३ चौकोन पलीकडे संपलेला असतो. त्यासाठी पुढची ओळ आधी वाचायची सवय लावा. मागच्या ओळीतच तो धागा ३ टाके जास्त लपवून नेला की पुढे हवा तिथे मिळतो.

गुंत्याचं म्हणाल तर निम्मा गुंता काम एकाच दिशेने फिरवत राहिल्याने होतो. सुलट ओळ संपली की काम घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा, उलट ओळ संपली की विरुद्ध दिशेने. धागे एकदा पीळ घेतील, पुढच्या वेळी तो पीळ सुटेल. छोट्या भागांचे धागे कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यांवर गुंडाळा. बॉबिन विकत आणण्याची गरज नाही. किती धागा गुंडाळायचा ते काढायला १० टाके उसवून धागा मोजा. ३८ सेंमी निघाला तर ४० चौकोनांना १५२ सेंमी, आणि दोन्ही टोकांना १५-१५ सेंमी धरून १८० ते १८५ सेंमी.

कडा तिरक्या जाण्याचं कारण एकच असतं: ओळीतला पहिला किंवा शेवटचा टाका सुटतो, नाहीतर वळणाची साखळी टाका म्हणून मोजली जाते. वळताना घेतलेली १ साखळी टाक्यात धरायची नाही. दोन्ही टोकांच्या टाक्यांना रंगीत दोरा बांधा आणि तो ओळीगणिक वर सरकवत न्या. ग्राफवर दर १० चौकोनांना जाड रेघ मारून घ्या आणि प्रत्येक ओळीअखेर १२८ भरतात का ते बघा. एक टाका कमी पडला की त्या ओळीपासून सगळं चित्र सरकतं, आणि पुढे कुठेही टाका वाढवून ते जागेवर येत नाही. तेवढी ओळ उसवावीच लागते. उभी सरळ रेघ मात्र थोडी नागमोडी येणारच, कारण जाता-येताच्या ओळींत मुका खांब अर्धा टाका आलटून-पालटून कलतो.

लोकरीचा हिशोब वजनाने करा. १० बाय १० सेंमीच्या तुकड्यात १६ गुणिले १८, म्हणजे २८८ टाके आहेत. तो बारीक काट्यावर तोला. ५ ग्रॅम भरला तर २२,१४४ टाक्यांना सुमारे ३८५ ग्रॅम. ग्राफवर प्रत्येक रंगाचे चौकोन मोजा. झुलीचा लाल १,५०० चौकोन असेल तर २६ ग्रॅम. किनार आणि टोकांसाठी एकूण १५ टक्के वाढीव धरा. नागपूरच्या बर्डीत किंवा इतवारीत बाजारात लोकर घ्यायला जाल तेव्हा पार्श्वभूमीचे सगळे गोळे एकाच वेळी घ्या आणि पट्टीवरचा लॉट नंबर जुळवून घ्या. दुकानातल्या दिव्यात सारख्या वाटणाऱ्या दोन लॉटमधला फरक ब्लँकेटवर सरळ आडव्या पट्ट्यासारखा दिसतो. लाल आणि काळा रंग जातो का हे विणण्याआधी तपासा: ओल्या पांढऱ्या फडक्यात धागा दाबून ठेवा आणि फडकं बघा.

नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो, तेव्हा ॲक्रिलिकचं ब्लँकेट उपयोगी आहे. मे महिन्यात ४५ अंशांत ते कपाटातच राहणार. लाळेरं आणि मोजे म्हणून सुती धाग्याचेच करा. सुती लाळेरं लाळ शोषून घेतं, ॲक्रिलिकचं ओलं होऊन गळ्याला चिकटतं.

टोपड्याचा ग्राफ वेगळा विचार मागतो. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३६ सेंमी असतो. ३४ सेंमीला आपल्या मापाने ५४ टाके येतात, म्हणून पट्टीची नक्षी ६ किंवा ९ टाक्यांत पुन्हा येणारी हवी, तरच जोडावर तुटणार नाही. गोल विणताना सगळ्या फेऱ्या सुलट बाजूच्या असतात, ग्राफ कायम उजवीकडूनच वाचायचा. पण गोल विणलेला मुका खांब हळूहळू उजवीकडे कलतो, आणि १५ फेऱ्यांत उभा नंदी वाऱ्यात वाकल्यासारखा दिसू लागतो. त्यामुळे टोपड्यावर पूर्ण नंदी घालू नका. ३-४ फेऱ्यांचा साधा त्रिकोणांचा किंवा चौकटींचा पट्टा झुलीच्या रंगात घाला आणि वर दोन छोटी शिंगं वेगळी विणून पक्की शिवा. मोज्यांचे तळवे ९ सेंमीचे पुरतात, त्यांवर चाकासारखं एक गोल शिवलं की संच जुळतो. मणी, बटणं, लोकरीचे गोंडे लावू नका. डोळे धाग्यानेच भरा. टोपड्याला बंद लावायचेच तर आखूड ठेवा.

नावाबद्दल माझं ठाम मत आहे: नाव विणण्यात घेऊ नका. ते ठरतं बारशाला, ब्लँकेट तर त्याआधी तयार हवं. खालच्या बाजूला २४ ओळींचा कोरा एकरंगी पट्टा सोडा आणि नाव ठरल्यावर फुलीच्या टाक्याने भरा, एका मुक्या खांबावर एक फुली. देवनागरी अक्षरांना इंग्रजीपेक्षा जास्त उंची लागते. शिरोरेषेला २ ओळी, अक्षराच्या अंगाला ९ ते १०, वर वेलांटी-मात्रेला ४, खाली उकाराला ३. एवढ्या १९ ओळी आणि वर-खाली थोडी मोकळी जागा मिळून २४ होतात. उभ्या काण्याला २ टाके रुंदी द्या, १ टाक्याचा काना लांबून दिसत नाही. ‘मीरा’ २५ टाक्यांच्या आसपास बसतं. ‘रुद्र’सारख्या नावात ‘द्र’ची तिरकी रेघ ३ पायऱ्यांत स्पष्ट काढावी लागते, नाहीतर तो नुसता ‘द’ वाचला जातो. आधी चौकटीच्या वहीत काढा, वही भिंतीला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून वाचून बघा. अक्षरं शिरोरेषेला टांगूनच मांडा, वरून खाली मोजत, म्हणजे सगळी एका रेषेत येतील.

ज्यांनी जाळीचं तोरण विणलं आहे त्यांना हे नवीन नाही. दारावरचं ‘सुस्वागतम्’ असंच भरलेल्या आणि रिकाम्या घरांनी होतं. तिथे एका घराला ३ साखळ्या आणि शेवटी १ जास्त, भरलेल्या घरात खांब, रिकाम्यात २ साखळ्या. बाळाच्या अंगावर मात्र ती जाळी नको, बोटं अडकतात.

किनार घेताना खालच्या आणि वरच्या कडेला टाक्याला टाका, कोपऱ्यात एकाच ठिकाणी ३. उभ्या कडेवर ओळीला टाका घेतला तर किनार लहरते. १७३ ओळींवर १५४ टाके हवेत, म्हणजे दर ९ ओळींमागे १ ओळ सोडून द्या.

टोकं कापण्याआधी बोथट सुईने त्याच रंगातून ५-६ सेंमी न्या, मग उलट दिशेने परत आणा, मग पुन्हा एकदा. ॲक्रिलिक निसरडं असतं, एका दिशेने ओवलेलं टोक दुसऱ्या धुण्यात बाहेर येतं. मागची बाजू झाकायची असेल तर जुन्या सुती साडीचं किंवा धोतराचं अस्तर सर्वांत चांगलं, ते धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं आणि आणखी आटत नाही. नवं मलमल असेल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात ब्लँकेट गोळा होईल. ॲक्रिलिकवर इस्त्री टेकवू नका. उष्णतेने धागा मरतो, लुळा आणि चकचकीत होतो, तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. ओलं करून सतरंजीवर मापात पसरा, टाचण्या लावा, सावलीत वाळू द्या.

आणि वहिनींना हे नक्की सांगा: बाळ एक वर्षाचं होईपर्यंत ते झोपलेलं असताना पाळण्यात सुटं ब्लँकेट ठेवायचं नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचाही हाच सल्ला आहे. मांडीवर घेताना, बाहेर नेताना, कोणी जवळ बसलेलं असताना जमिनीवर अंथरायला ते वापरावं. टोपडंही झोपताना काढून ठेवावं.

तुमचा विणलेला भाग २०-२५ ओळींचाच असेल तर तो उसवून वरच्या हिशोबाने नव्याने सुरू करा. उसवलेली ॲक्रिलिक लोकर लडी करून कोमट पाण्यात भिजवून टांगली की तिचे वळ जातात, ती पार्श्वभूमीला निर्धास्त वापरता येते.